आशियाचे वारे आणि परळीचा पाऊस

आशिया हा क्षेत्रफळाने आणि लोकसंख्येनेही जगातील सर्वांत मोठा खंड होय. पृथ्वीवरील एकूण भूभागापैकी जवळजवळ ३० टक्के भूभाग या एका खंडात सामावला आहे. ८,८४९ मीटर उंचीचे एव्हरेस्ट शिखर येथेच आहे आणि समुद्रसपाटीहून ४०० मीटरांपेक्षा अधिक खोल असलेला मृत समुद्राचा काठही येथेच आहे. सैबेरियातील वर्खोयान्स्क येथे हिवाळ्यात पारा उणे ६० अंशांच्याही खाली उतरलेला आहे, तर इराक व कुवेतमध्ये उन्हाळ्यात तो ५० अंशांवर चढतो.

एवढा विस्तीर्ण भूभाग उन्हाळ्यात समुद्रापेक्षा लवकर तापतो. जमिनीवरील हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरील बाष्पयुक्त वारे खंडाकडे धाव घेतात. हिवाळ्यात हीच दिशा उलटते. ऋतूनुसार दिशा बदलणाऱ्या या वाऱ्यांनाच आपण मोसमी वारे म्हणतो. भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम या देशांची शेती त्यांवरच उभी आहे. भिक्खुसंघाचा वर्षावासही याच हवामानातून आला. पावसाळ्यात वाटा बंद होतात, कोवळी पिके व जीवजंतू पायाखाली येतात, म्हणून भिक्खूंनी तीन महिने एका ठिकाणी राहावे असा नियम झाला.

मात्र हे वारे सर्वांना सारखे पाणी देत नाहीत. सह्याद्री त्यांना अडवतो. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाट ओलांडून आलेल्या वाऱ्यांत बाष्प थोडेच उरते. त्यामुळे बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेली आमची परळी आणि सारा बीड जिल्हा पर्जन्यछायेत येतो. येथील वार्षिक सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास असून तीही दरवर्षी गाठली जात नाही. २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीच्या औष्णिक केंद्राला वीजनिर्मिती थांबवावी लागली, हे आपण पाहिलेच आहे.

पर्जन्यछाया निसर्गाने दिली हे खरे. पण तहानही निसर्गानेच दिली असे आम्ही मानत नाही. महाड कोकणात आहे. तेथे पावसाला तोटा नाही, चवदार तळेही भरलेले होते. तरीही ते पाणी अस्पृश्यांना बंद होते, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पाऊस किती पडतो हे पर्वत ठरवतात. पाणी कोणाच्या ओंजळीत जाते हे माणसे ठरवतात. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या बहुउद्देशीय नदी योजनांना चालना दिली, ती याच जाणिवेतून, असे आम्हांस वाटते.

आमच्या भागात निवासी शाळा का लागते, याचेही एक उत्तर या नकाशात आहे. मोसमी वारे माघारी फिरले की दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचे तांडे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. कोरडवाहू रानावर वर्षभर पोट भरत नाही. आईबापांबरोबर मूल गेले की त्याची शाळा सुटते. वसतिगृहात राहिले तर ते दहावीपर्यंत पोहोचते. माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना हे पाठ्यपुस्तकातून शिकवावे लागले नाही.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की भूगोल हा पाठांतराचा विषय समजू नये. आपल्या गावी पाऊस कमी का, धरणाचे पाणी कोणत्या शेतात जाते आणि आपले शेत कोरडे का राहते, हे प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. वाऱ्याची दिशा आपल्या हाती नाही. पाण्याची वाटणी मात्र आहे.