मुंबई–नागपूर : अंतर नकाशावरचे आणि घड्याळातले

नोकरी मुंबईत आणि आईवडील नागपुरात, त्यामुळे ही वाट वर्षानुवर्षे पायाखालची. नव्याने ये-जा सुरू करणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगतो.

१. किलोमीटरवरून वेळ ठरवू नका. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे ६८५ किलोमीटर. रेल्वेने ८३७. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा खरा, पण तो ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याला सुरू होतो. मुंबईतून तिथवर पोहोचण्याचा वेळ वेगळा धरावा लागतो.

२. तिकिटावरची वेळ हवेतली नसते. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने गेले, तर हे अंतर तासाभराच्या आत संपायला हवे. तिकिटावर मात्र दीड तास किंवा थोडा जास्तच दिसतो. विमान जागेवरून हलते तिथपासून दुसऱ्या टोकाला थांबेपर्यंतचा हा हिशेब. त्यात चढण-उतरणीचा कमी वेग आला. मुंबईहून बहुतेक वेळा उड्डाण पश्चिमेकडे, समुद्रावर होते आणि मग विमान पूर्वेला वळते. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्यामुळे सुटताना रांग आणि परतताना आकाशात घिरट्या. पावसाळ्यात हे आणखी वाढते. म्हणून मुंबईला उतरल्यावर लगेच दुसरे विमान गाठायचे असेल, तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. या बाबतीत काटकसर नकोच.

३. हिवाळ्यात जाण्या-येण्याची वेळ सारखी नसते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तेव्हा पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. तो ताशी ऐंशी किलोमीटरचा धरला, तर नागपूरला जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग ८८० होतो, येताना ७२०. एवढ्याच अंतराला सुमारे दहा मिनिटांचा फरक पडतो.

४. भावंडे चार गावांना पांगली असतील, तर भेटायला नागपूर निवडा. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरातच एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. तो मध्यबिंदू आजही तिथेच आहे. थेट विमान मिळाले, तर या चारही शहरांतून माणूस दोनेक तासांत पोहोचतो. आमच्या घरचे सगळे मेळावे याच हिशेबाने ठरतात, आणि आईवडिलांना प्रवासाची दगदग होत नाही, हे मला सगळ्यांत मोलाचे वाटते.

५. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, त्यामुळे विमानांना गर्दी होते. तिकीट लवकर काढा.

६. आईला विमान उतरण्याची वेळ सांगू नका, दारात पोहोचण्याची सांगा. नागपूरचे सोनेगाव विमानतळ शहराला लागूनच आहे, वर्धा रोडने किंवा मेट्रोने घर पटकन येते. वेळ खातो तो मुंबईकडचा रस्ता. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे डोंबिवली-कल्याणच्या माणसाला दीड तासाच्या उड्डाणासाठी घरून चार तास आधी निघावे लागते. आता नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे. पनवेल, उरण, बेलापूरकडच्यांना ते खूपच जवळचे. तिकीट काढताना कोणते विमानतळ आणि कोणते टर्मिनल, हे मात्र नीट वाचा. मुंबई एवढेच नाव पाहून थांबू नका.