भिंतीआडची माणसे : तीन तुरुंगपटांचा अभ्यास

इतिहासाच्या अध्यापनात चित्रपटांचा उपयोग करावा की नाही, याविषयी शिक्षकांत मतभेद आहेत. मी करतो. निवासी शाळेत रविवारची संध्याकाळ फार लांबते. घरची आठवण त्याच वेळी दाटून येते. त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना मी अनेक वर्षे ‘दो आँखें बारह हाथ’ दाखवीत आलो. एका वर्षी चित्रपट संपताच मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, “सर, त्या सहा कैद्यांची जात कोणती होती?” मुले हसली. “चित्रपटात ते सांगितलेले नाही,” एवढे बोलून मी दिवे लावले. त्याचे वडील त्या काळात कच्चे कैदी म्हणून तुरुंगात होते, हे मला पुढे कळले. आज तो आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक आहे. त्याला तेव्हा न दिलेले उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने देऊ पाहतो.

व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९५७ सालचा, कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यामागे आपल्याच मातीतील एक प्रयोग आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रिडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याचा तीत पुढाकार होता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे बेड्यांविना शेतीवर ठेवण्यात येई. चित्रपटातील जेलर आदिनाथ खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैदी ओसाड माळावर नेतो आणि त्यांच्याकडून मळा फुलवून घेतो. येथे गजांची जागा नजर घेते. पळून जावेसे वाटले तरी जेलरचे डोळे त्यांना मागे खेचतात. कैद्यांची भाजी रास्त भावात विकली जाऊ लागताच बाजारातील व्यापारी खवळतात, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. खुनी म्हणून ज्यांना कोंडले ते घाम गाळीत आहेत आणि हिंसा करणारे प्रतिष्ठित बाहेर मोकळे आहेत, हे शांतारामांनी नेमके टिपले.

तरीही एक गोष्ट खटकते. या चित्रपटातील आशा वरून खाली येते. जेलर भला म्हणून कैदी सुधारतात. तो गेल्यावरही त्याचेच डोळे त्यांच्यावर रोखलेले राहतात. उद्धार करणारा एक आणि उद्धरले जाणारे सहा, ही मांडणी आपल्या समाजाने फार वेळा ऐकली आहे.

याच्या नेमकी उलट मांडणी १९९४ च्या ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ या अमेरिकन चित्रपटात आहे. तेथील वॉर्डन हातात बायबल धरून भ्रष्टाचार करतो. त्याच्याकडून कसलीच अपेक्षा नाही. न केलेल्या खुनासाठी जन्मठेप भोगणारा अँडी हा बँकर तुरुंगाच्या ग्रंथालयासाठी दर आठवड्याला एक अर्ज लिहितो. उत्तर येत नाही. सहा वर्षांनी थोडा निधी आणि जुनी पुस्तके येतात, त्यावर तो आठवड्याला दोन अर्ज लिहू लागतो! बहुतेक प्रेक्षकांना त्याने खोदलेले भुयार आठवते. मला हे अर्ज अधिक महत्त्वाचे वाटतात. मंजूर न झालेल्या शिष्यवृत्तीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या पालकांना याचे कारण सांगावे लागणार नाही. याच चित्रपटातील ब्रुक्स हा म्हातारा ग्रंथपाल पन्नास वर्षांनी सुटतो आणि बाहेरच्या जगात एकटा पडून गळफास घेतो. माणसाला भिंतींची सवय लागणे हीच तुरुंगाची सर्वांत खोल शिक्षा, हे इतक्या संयमाने क्वचितच दाखविले गेले असेल.

मात्र हा चित्रपटही एका ठिकाणी गप्प बसतो. कथा १९४७ पासून पुढची, म्हणजे अमेरिकेतील वर्णभेदाच्या ऐन काळातील. अँडीचा जिवलग मित्र रेड याची भूमिका मॉर्गन फ्रीमन या कृष्णवर्णीय नटाची आहे. मूळ कथेतील रेड आयरिश वंशाचा. नट बदलला, पण त्या तुरुंगात वर्णाला जणू अस्तित्वच नाही. अमेरिकन पडद्यावर वर्ण पुसला गेला आणि आपल्या पडद्यावर जात.

वास्तवात तुरुंगाने जात कधीच पुसली नव्हती. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत झाडलोट व सफाईची कामे विशिष्ट जातींच्या कैद्यांना आणि स्वयंपाक ‘योग्य’ जातीच्या कैद्यांना, अशा तरतुदी स्वातंत्र्यानंतरही टिकून होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरविल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ चाही आधार या निकालाला आहे. संविधान लागू झाल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनी! म्हणजे त्या मुलाचा प्रश्न भाबडा नव्हता. तुरुंगाच्या दारात तो प्रत्यक्ष विचारला जात होता.

‘जय भीम’ (२०२१) या तमिळ चित्रपटाची सुरुवातच या प्रश्नाने होते. सुटलेले कैदी तुरुंगाच्या दाराबाहेर येतात. प्रत्येकाला जात विचारली जाते. वरच्या जातींचे घरी जातात. उरलेल्यांना बाजूला उभे करून, प्रलंबित गुन्हे अंगावर घालण्यासाठी पुन्हा पोलिसांच्या हवाली केले जाते. नातेवाईक समोर ताटकळत असतात. पुढील कथा १९९३ मधील कोठडी मृत्यूच्या खऱ्या प्रकरणावर आधारलेली आहे. मूळ कुटुंब कुरवर समाजाचे होते. चित्रपटात ते इरुळर आदिवासी दाखविले आहे. छळाची दृश्ये इतकी तीव्र आहेत की नववीच्या वर्गात मी ती वगळतो. पण सत्तेचा चेहरा येथे एका दुष्ट वॉर्डनपुरता राहत नाही. ठाणे, साक्षीदार, कागदपत्रे सारे मिळून ती सत्ता बनते. आशाही कुणा दयाळू अधिकाऱ्याकडून येत नाही. गरोदर सेंगेनी तडजोडीचे पैसे नाकारते आणि वकील चंद्रू बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची, याचिका दाखल करतो. येथे वकील लागतो, हे खरे. पण पाऊल तिचे असते.

अखेरीस पडद्यावर एका मराठी कवितेच्या ओळी उमटतात. त्याआधीचे दृश्य मात्र मी मुलांना दोनदा दाखवितो. चंद्रू खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचीत आहे. सेंगेनीची लहानगी मुलगी समोरच्या खुर्चीत बसते, एक वर्तमानपत्र उचलते, क्षणभर त्याच्याकडे पाहते, आणि त्याच्यासारखाच पायावर पाय टाकते.