विहिरीपर्यंत दूषित पाणी कधी पोहोचेल?

कचरा डेपोखाली मुरलेलं घाण पाणी उताराच्या विहिरीत किती वर्षांनी उतरेल? हे आधीच सांगता येतं. त्यासाठी भूजलाचं संगणकीय मॉडेल करतात. बारावीनंतरच्या चर्चेत हे क्षेत्र सहसा येतच नाही, आणि याची खंत वाटते.

एक हिशेब करून पाहा. विहीर ३६५ मीटरवर आहे. जमिनीखाली वाळू, तिची पारगम्यता दिवसाला १० मीटर. भूजल पातळीचा उतार ५०० मीटरला १ मीटर, सच्छिद्रता २० टक्के. १० ला ०.००२ ने गुणा आणि ०.२ ने भागा. पाणी दिवसाला १० सेंटिमीटर सरकतं, म्हणजे विहीर गाठायला १० वर्षं. आता वाळूऐवजी भेगाळलेला बेसॉल्ट धरा, पाणी वाहून नेणाऱ्या भेगा जेमतेम १ टक्का. बाकी आकडे तेच ठेवा. १० वर्षांचे सहा महिने होतात! आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टवरच वसलेला आहे.

अशा मॉडेलसाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं १९८४ सालचं 'मॉडफ्लो' हे सॉफ्टवेअर आजही मोफत मिळतं. प्रदूषक पसरतो कसा, मातीच्या कणांना किती चिकटतो, हे गणित त्याला जोडता येतं. सॉफ्टवेअर काही महिन्यांत अंगवळणी पडतं. मात्र २० टक्के धरायचे की १, हे बोअरवर पंपिंग टेस्ट (पाणी उपसून पातळी कशी बदलते ते मोजणं) घेऊन आणि विहिरीच्या भिंतीतले थर न्याहाळूनच कळतं. उन्हात फिरायचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भूशास्त्रात बीएस्सी करून 'जॅम' या प्रवेश परीक्षेमार्फत आयआयटीत एमएस्सी करता येते, किंवा सिव्हिल इंजिनिअरिंगनंतर 'गेट' देऊन जलस्रोत विषयात एमटेक. सोबत पायथन आणि अवकल समीकरणं पक्की हवीत. केंद्रीय भूजल मंडळातल्या शास्त्रज्ञपदांसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा असते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. संशोधनासाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय), रुडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था. खासगी सल्लागार कंपन्याही ही कामं घेतात. २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम आणले, त्यामुळे अशा अभ्यासांची गरज वाढेल असं वाटतं.

पालकांनो, इथे कॅम्पसवरच्या मोठ्या पॅकेजची आशा धरू नका. सरकारी जागा दरवर्षी कमी-जास्त होतात, आणि नुसत्या पदवीवर भागत नाही. पदव्युत्तर शिक्षणापर्यंत मुलांना उसंत द्या. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन एवढं मात्र जरूर विचारा: विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने पंपिंग टेस्ट करायला मिळते का?