काल बोलत होता, आज नाही : तरुणाच्या अचानक मृत्यूनंतर घर कसं सावरायचं?



म्हातारं माणूस गेलं की घर रडतं, पण घराला कारण ठाऊक असतं. वय झालं होतं, दोन वर्षं खाटेवर होते, दम्याने गांजले होते. पंचविशीतला धडधाकट मुलगा रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठलाच नाही, तर घराच्या हाती कोणतंच कारण नसतं. मग जो तो आपापलं कारण आणून देतो. कुणी म्हणतं करणी झाली. कुणी म्हणतं कोरोनाच्या लसीने गेला. कुणी म्हणतं आदल्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं. या कुजबुजीने घराचं दुःख दुप्पट होतं, आणि त्यात सर्वांत जास्त होरपळते ती मागे राहिलेली बाई, मग ती आई असो की बायको.

म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊ. असा मृत्यू कशाने होतो, आणि तो झाल्यावर घराने व वस्तीने काय करायचं. एक सूत्र लक्षात ठेवा : कारण शोधायचं, दोषी शोधायचा नाही.

शरीरात नेमकं काय घडतं?

तरुणांच्या अशा मृत्यूंमध्ये बहुतेक वेळा हृदयाचं कारण सापडतं. हृदय म्हणजे एक पंप आहे असं समजा. त्याला रक्त पुरवणारा पाइप तुंबला तर त्याला आपण हार्ट अटॅक म्हणतो. पंपाचा करंटच बिघडला आणि तो जागच्या जागी थांबला, तर तो कार्डिॲक अरेस्ट. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, पण पाइप स्वच्छ असतानाही करंट बिघडू शकतो.

साधारण पस्तिशीच्या आतल्या मुलांमध्ये बऱ्याचदा जन्मजात दोष असतो. हृदयाचा स्नायू जाड असतो किंवा त्याची विद्युत यंत्रणा सदोष असते. स्नायू जाड होण्याचा आजार साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि अनेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. पस्तिशीनंतर रक्तवाहिन्या तुंबण्याचं प्रमाण वाढतं. तंबाखू, बिडी, दारू, न तपासलेला रक्तदाब आणि मधुमेह त्याला हातभार लावतात. आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना हा आजार इतरांपेक्षा काही वर्षं लवकर गाठतो.

हृदयाखेरीजही कारणं असतात. मेंदूत रक्तस्राव होतो. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात जाते. मिरगीच्या रुग्णाचा झोपेत मृत्यू होऊ शकतो. जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार चावते, तो दंश फारसा दुखत नाही आणि दाताची खूणही नीट दिसत नाही. म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे चार मृत्यू चार वेगळ्या कारणांचे असू शकतात. नुसतं बघून ‘अटॅक आला’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

लसीचा प्रश्न

हा प्रश्न वस्तीत अजून विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर देते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांमधून १८ ते ४५ वयाच्या, आधी गंभीर आजार नसलेल्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. ७२९ मृत व्यक्तींची माहिती २,९१६ जिवंत व्यक्तींशी ताडून पाहिली. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये धोका कमी आढळला. धोका जास्त आढळला तो यांच्यात : ज्यांना कोरोनामुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं, ज्यांच्या घरात आधी असा अचानक मृत्यू झाला होता, ज्यांनी शेवटच्या दोन दिवसांत भरमसाट दारू प्यायली होती किंवा अतिश्रमाचा व्यायाम केला होता, आणि जे नशेचे पदार्थ घेत होते. ज्या आईने हात धरून मुलाला लस द्यायला नेलं, तिने स्वतःला दोष देण्याचं कारण नाही.

शवविच्छेदनाला नाही म्हणू नका

घरी अचानक गेलेल्या तरुणाला दवाखान्यात नेलं की डॉक्टर ‘आणण्यापूर्वीच मृत’ असं लिहितात. मग पोलीस येतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन सांगितलं जातं. इथे आपले लोक हात जोडतात : “चिरफाड नको, पोरगं तसंच द्या.” ही भावना मला समजते. नोकरीच्या काळात शवागाराच्या दारात हे शब्द मी अनेकदा ऐकले आहेत. पण तीच एक वेळ असते जेव्हा खरं कारण कळू शकतं. अंत्यसंस्कार झाले की पुरावा संपला.

शवविच्छेदनानंतर शरीर नीट शिवून, झाकून परत देतात. चेहरा पाहता येतो. सरकारी रुग्णालयात त्याचे पैसे लागत नाहीत. डॉक्टरांना एवढंच सांगा, “हृदयाची नीट तपासणी करा. आमच्या घरात याच्या पाठची भावंडं आहेत.” कधी कधी अहवालात मत राखून ठेवलेलं असतं आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवलेले असतात. तो निकाल यायला आठवडे, कधी महिने लागतात. घरच्यांना तेव्हा पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारण्याची ताकद नसते. हे काम मंडळातल्या एका कार्यकर्त्याने अंगावर घ्यावं आणि अहवालाची प्रत मिळवून घरच्यांना द्यावी.

भावंडं आणि मुलं तपासून घ्या

हृदयाच्या स्नायूचा तो आजार आईकडून किंवा वडिलांकडून येतो. तो ज्याला होता त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता साधारण निम्मी असते. म्हणून मृत्यू हृदयाचा असेल, किंवा कारण सापडलंच नसेल, तर सख्खी भावंडं, मुलं आणि आईवडील यांचा ईसीजी व टूडी इको करून घ्यावा. पुढे उपचार लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

एरवीही या खुणांकडे दुर्लक्ष करू नका : धावताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडणं, घाबरल्यावर किंवा मोठा आवाज झाल्यावर शुद्ध हरपणं, श्रम केल्यावर छातीत दुखणं, छातीत एकदम धडधड सुटणं. ‘पित्त झालं’, ‘उपाशी होता’ म्हणून सोडून देऊ नका. मिरगी समजून औषध चालू आहे आणि झटके खेळतानाच येतात, असं असेल तर डॉक्टरांकडून हृदयही तपासून घ्या.

दुःखातलं घर

अचानक मृत्यूत घराला निरोप घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून मन पुन्हा पुन्हा त्या रात्रीकडे जातं. ‘मी त्याला हाक मारली असती तर.’ ‘तो छातीत जळजळतंय म्हणाला, मी सोडा दिला.’ या वाक्याला ‘असं बोलू नको’ म्हणून गप्प करू नका. पूर्ण ऐका. मग शांतपणे सांगा : “तुला जे माहीत होतं त्यावर तू वागलीस. त्याच्या हृदयात दोष आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.”

झोप न लागणं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, दारात त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येणं, हे सगळं दुःखात होतं. ते वेड नाही. आईवडिलांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या मात्र या दिवसांत हमखास चुकतात. कुणीतरी रोज आठवणीने विचारा.

लहान मुलांना ‘बाबा झोपलेत’, ‘गावाला गेलेत’ असं सांगू नका. ते मूल पुढे झोपायला घाबरतं, नाहीतर दाराकडे बघत बसतं. सोप्या शब्दांत खरं सांगा : बाबांचं हृदय बंद पडलं, ते वारले, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही.

पुरुषांनी रडायचं नाही ही समजूत सोडा. बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरं गमावली. राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या मित्राला पत्र लिहून दुःख मोकळं केलं. बाबासाहेबांना जे सांगावंसं वाटलं, ते आपल्या घरातला बाप आणि भाऊ का सांगू शकत नाही? दुःख बाटलीत बुडवणारे गेलेल्याचे मित्रही याच धोक्यात असतात. त्यांनाही कुणी विचारत नाही.

कुणी जेवण सोडलं, आठवडेच्या आठवडे उठत नाही, ‘मलाही जायचंय’ असं बोलू लागलं, तर एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.

वस्तीने काय करायचं?

पहिलं, करणी आणि ‘पांढऱ्या पायाची’ ही भाषा बंद. कुणावर करणीचा आळ घेऊन त्रास देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तरुण विधवेला तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा जाब विचारणाऱ्याला तिथेच थांबवा.

दुसरं, अंत्ययात्रेच्या दिवशीच आईला ‘सगळं अनित्य आहे’ असं ऐकवू नका. वचन खरं आहे, वेळ चुकीची आहे. तिला मुलाचं नाव घेऊ द्या, त्याच्या गोष्टी सांगू द्या.

तिसरं, पुण्यानुमोदनाला मंडप भरतो आणि आठवडाभरात घर रिकामं होतं. खरी गरज त्यानंतर लागते. महिला मंडळाने वार वाटून घ्यावेत. सोमवारी एकीने, गुरुवारी दुसरीने जाऊन बसावं, निदान तीन महिने. त्याचा वाढदिवस आणि वर्षश्राद्धासारखा जड जाणारा पहिल्या स्मृतिदिनाचा आठवडा वहीत लिहून ठेवावा.

चौथं, कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. गेलेल्याच्या बँक पासबुकात वर्षाला ४३६ रुपये कापल्याची नोंद असेल, तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे. त्यात वारसाला दोन लाख रुपये मिळतात. कित्येक घरांना हे माहीतच नसतं. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये मिळू शकतात. त्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा.

पुढचा जीव वाचवायला शिका

माणूस कोसळला, हाक मारून आणि खांदा हलवून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर ते कार्डिॲक अरेस्ट समजा. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं, धरून बसवणं, यात मिनिटं जातात.

१. एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, म्हणजे ॲम्ब्युलन्स चुकणार नाही.
२. माणसाला खाटेवरून कडक जमिनीवर उताणं घ्या.
३. छातीच्या मधोमध एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात. कोपर सरळ ठेवून सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबा.
४. मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.
५. दमलात की दुसऱ्याने घ्यायचं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही.

दर मिनिटाला वाचण्याची आशा घटत जाते. २०२१ साली युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा २९ वर्षांचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानात असाच कोसळला होता. तिथेच त्याची छाती दाबली, विजेचा झटका दिला, आणि तो जगला, पुन्हा फुटबॉल खेळला. सगळेच वाचत नाहीत. ज्याने प्रयत्न केला आणि माणूस गेला, त्यालाही सांगा की तू योग्य तेच केलंस.

किसा गोतमीची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. मेलेलं बाळ कडेवर घेऊन ती मोहरीसाठी दारोदार फिरली, आणि प्रत्येक दारात तिला आपल्यासारखंच दुःख भेटलं. आपल्या वस्तीतल्या गोतमीला असं फिरावं लागू नये. तिच्या दारी आपण जायचं. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात तीन नावं ठरवा : अहवाल आणि कागद कोण बघणार, घरी बसायला जाणाऱ्यांचे वार कोण लावणार, आणि छाती दाबायचा सराव घ्यायला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना कोण बोलावणार. नावं विहाराच्या फळ्यावर लिहा, फोन नंबरासह.