‘पी हळद आणि हो गोरी’ : अतिशयोक्त जाहिराती, याप्य व्याधी आणि आपले उत्तरदायित्व

प्रस्तावना

आठ दिवसांत अस्खलित इंग्रजी, महिन्यात दहा किलो वजन कमी, एका वर्षात रक्कम दुप्पट! सकाळचे वृत्तपत्र उघडल्यापासून रात्री दूरचित्रवाणी बंद करेपर्यंत अशा आश्वासनांचा मारा सामान्य माणसावर होत असतो. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उतावळ्या माणसाला हसण्यासाठी वापरली. आज तोच उतावळेपणा विक्रीचे साधन झाला आहे. इतर व्यवसायांत त्यामुळे ग्राहकाचे पैसे जातात. आपल्या व्यवसायात मात्र रुग्णाचा अवयव किंवा प्राणही जाऊ शकतो. म्हणून या विषयाचा शास्त्रीय अंगाने विचार करणे आवश्यक वाटते.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी मधुमेहाचे एक रुग्ण माझ्याकडे आले. वय पन्नाशीच्या पुढे, इन्सुलिन चालू, जोडीला पथ्य व आयुर्वेदीय चिकित्सा. शर्करा बऱ्यापैकी आटोक्यात होती. मध्यंतरी त्यांचे येणे थांबले. तीन महिन्यांनी परत आले तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याला दुर्गंधी व्रण होता आणि शर्करा अतिशय वाढलेली होती. त्यांनी खिशातून एक घडी घातलेले पत्रक काढले. ‘नव्वद दिवसांत मधुमेह मुळापासून नष्ट, इन्सुलिन कायमचे बंद’ असा मजकूर त्यावर होता. ते पत्रक त्यांनी एका औषधी दुकानाच्या काउंटरवरून उचलले होते. त्यावर विसंबून त्यांनी इन्सुलिन बंद केले होते. रुग्णास तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठविले. परंतु अंगठा वाचला नाही.

मी रागावलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, यावर आयुर्वेदच लिहिलंय ना? मग मी कशाला शंका घेऊ?” या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचाच प्रयत्न आहे.

संहितेतील साध्यासाध्य विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे चार प्रकार वर्णिले आहेत. चिकित्सेस आरंभ करण्यापूर्वी ही परीक्षा करावी. तसे न केल्यास वैद्याच्या अर्थाची, विद्येची व यशाची हानी होते, असा आचार्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे.

यातील ‘याप्य’ ही संकल्पना प्रस्तुत विषयात सर्वांत महत्त्वाची आहे. याप्य व्याधी समूळ नष्ट होत नाही. पथ्य व औषध चालू असेपर्यंत रुग्णास सुख मिळते आणि अल्प कारणानेही व्याधी पुन्हा उसळतो. सुश्रुताचार्यांनी यासाठी पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. टेकू आहे तोवर घर उभे. टेकू काढला की घर कोसळते.

प्रमेहाच्या बाबतीत चरकाचार्य कफज प्रमेह साध्य, पित्तज याप्य आणि वातज असाध्य मानतात. स्थूल व कृश प्रमेहींची चिकित्साही भिन्न सांगितली आहे. म्हणजेच सर्व प्रमेहींना एकच औषध, एकच कालावधी आणि एकच फलश्रुती हे विधान प्रथमतः आयुर्वेदाच्याच विरुद्ध आहे. उपरोक्त पत्रकाने नेमके हेच केले. ‘याप्य’ हा शब्दच पुसून टाकला आणि रुग्णाच्या हातून टेकू काढविला.

रोगाभिसर वैद्याची लक्षणे

सूत्रस्थानाच्या दशप्राणायतनीय अध्यायात प्राणाभिसर व रोगाभिसर अशा दोन प्रकारच्या वैद्यांचे वर्णन आहे. रोगाभिसर हा वैद्याचा वेष धारण करून रुग्णाच्या शोधात फिरतो. कोणी आजारी असल्याचे ऐकताच तेथे धावतो आणि स्वतःचे गुण मोठ्याने सांगतो. चालू चिकित्सकाचे दोष काढतो. रुग्णाच्या मित्रांना वश करतो. आपली अपेक्षा अल्पच असल्याचे भासवितो. गुण आला नाही की रुग्णालाच दोष देतो आणि अंतकाळ जवळ आलेला दिसताच दुसरीकडे निघून जातो.

हे वर्णन आजच्या जाहिरातींना किती तंतोतंत लागू पडते ते वाचकांनी स्वतःच ताडून पाहावे. ‘पथ्य न पाळल्यास गुण न येण्याची जबाबदारी आमची नाही’ ही बारीक अक्षरांतील ओळ त्याच परंपरेतील आहे.

‘दुष्परिणामरहित’ हा दावा

‘संपूर्ण आयुर्वेदिक, त्यामुळे कोणताही दुष्परिणाम नाही’ हे वाक्यही तितकेच अशास्त्रीय आहे. योग्य रीतीने योजलेले तीक्ष्ण विषही औषध ठरते आणि अयोग्य रीतीने योजलेले औषधही विष ठरते, ही चरकाचार्यांची शिकवण आहे. नित्य वापरातील त्रिभुवनकीर्तिरसात हिंगुळ व वत्सनाभ आहेत. वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, विषमुष्टी इत्यादी द्रव्ये औषधे नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये समाविष्ट आहेत. अशी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. शोधन, मात्रा व अनुपान यांचा एवढा विचार शास्त्राने केला, तो दुष्परिणाम संभवतात म्हणूनच.

कायद्याची बाजू

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत ५४ व्याधी व अवस्था नमूद आहेत. त्यांत मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, उच्च रक्तदाब, अपस्मार, पक्षाघात, श्वित्र, स्थौल्य, मूतखडा, एवढेच नव्हे तर शरीराची उंची यांचाही समावेश आहे. ते बरे करण्याच्या दाव्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. पत्रक, लेबल व वेष्टन यांबरोबरच तोंडी घोषणा आणि ध्वनी, प्रकाश किंवा धूर यांद्वारे केलेली घोषणाही तीत येते.

नोंदणीकृत वैद्याने अशा व्याधीवर उपचार केले जातात, एवढी सूचना आपल्या चिकित्सालयात लावण्यास मुभा आहे. तसेच केवळ नोंदणीकृत वैद्यांसाठी विहित रीतीने गोपनीयपणे पाठविलेली माहितीपत्रके वगळण्यात आली आहेत. परंतु असे माहितीपत्रक काउंटरवर ग्राहकांसाठी ठेवले की हे संरक्षण उरत नाही, हे औषधविक्रेत्यांनी ध्यानात घ्यावे.

जाहिरातीपूर्वी राज्य परवाना प्राधिकाऱ्याची मान्यता सांगणारा नियम १७० हा २०१८ साली आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळण्यात आला आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परंतु त्या नियमामुळे किंवा त्याच्या अभावामुळे १९५४ च्या अधिनियमातील मनाई सैल होत नाही.

व्यवहारात काय करावे?

१. रुग्णास व्याधीची साध्यासाध्यता पहिल्याच भेटीत सोप्या शब्दांत सांगावी. ‘बरे होईल’ आणि ‘आटोक्यात राहील’ यांतील फरक स्पष्ट करावा.

२. इन्सुलिन, अपस्मार, हृद्रोग इत्यादींवरील चालू औषधे संबंधित चिकित्सकाच्या सल्ल्याविना बंद करू नयेत, असे केसपेपरवर लिहून द्यावे.

३. ‘हमखास’, ‘मुळापासून’, ‘शंभर टक्के’ हे शब्द आपल्या फलकावरून व पत्रकांवरून काढून टाकावेत. माझ्या स्वतःच्या फलकावरही ‘हमखास’ हा शब्द होता. वरील प्रसंगानंतर तो पुसला.

४. औषधविक्रेत्यांनी प्रतिनिधीने दिलेले प्रत्येक पत्रक वाचल्याशिवाय काउंटरवर ठेवू नये. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही. त्यामुळे विक्रेत्याचा विवेक हाच तेथे रुग्णाचा मोठा आधार असतो.

उपसंहार

फलकावरील शब्द बदलल्याने रुग्ण कमी होतील, ही भीती मलाही होती. काही जण गेलेही. ‘आटोक्यात राहील’ हे ऐकून जे थांबले, ते मात्र पथ्य पाळतात व वेळेवर तपासणीस येतात. आयुर्वेदाचे नाव वाचून रुग्ण शंका घेत नाही, हा विश्वास आपण कमावलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैद्यांनी तो आपल्या स्वाधीन केला आहे. तो खर्च करण्याचा अधिकार आपल्याला नाही.