होडीची तक्तपोशी कुजली असतां कोणतें लांकूड घालावें?

ज्या शेतकऱ्यांचीं खारीं शेतें खाडीपलीकडे आहेत, त्यांना होडी हें नांगराप्रमाणेंच शेतीचें एक अवजार आहे. बीं, खत, गडीमाणसें व भाताचे भारे तिच्याच पोटांतून ये-जा करतात. असें असून फाळ घेतांना आपण लोहाराला दहा प्रश्न विचारतों, आणि होडीची फळी घेतांना एकही विचारीत नाहीं. आम्हींही विचारला नव्हता.

धरमतरच्या खाडींत आमची व आमच्या धाकट्या बंधूंची एक सामाईक होडी आहे. वांकांवर अंथरलेल्या तिच्या आंतील फळ्या, म्हणजे तक्तपोशी, जुनी झाल्यामुळें २०२० सालीं आम्हीं ती बदलली. एका दुकानदारानें ‘वॉटरप्रूफ’ म्हणून प्लायवुडचे दोन तक्ते दिले, पावतीवरही तसें लिहून दिलें, आणि पंचवीस वर्षें महसुलाच्या कचेरींत कागद सांभाळण्यांत घालविल्यामुळें पावती पाहूनच आमचें समाधान झालें. तक्ता कोणीं पाहिला नाहीं. २०२२ च्या मृगांत मोड आलेल्या बियाण्याचें पोतें खांद्यावर घेऊन आमचा गडी होडींत उतरला, तों त्याचा पाय तक्त्यांतून आरपार गेला. घोटा मोडला. पोतें तळाच्या खाऱ्या पाण्यांत पडलें व मोड करपले. दुसरें बीं मिळेपर्यंत पेरणी लांबली आणि एक तुकडा त्या वर्षीं ओसाड राहिला. गड्याची हंगामाची मजुरी आम्हीं दिली. परंतु त्याचा पाय अद्याप पूर्ववत् झालेला नाहीं. म्हणून पुढील चौकशी आम्हीं केली, ती येथें देत आहों.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं लांकूड कुजवितें तें खारें पाणी नव्हे. कुजणें हें बुरशीचें काम आहे, आणि बुरशीला गोड पाण्याची ओल, थोडी हवा व ऊब लागते. लांकडांतील ओल शेंकडा २० च्या खालीं राहिली तर बुरशी वाढत नाहीं. खाडीचें पाणी बाहेरील फळ्यांना सदैव लागत असूनही त्या टिकतात, व आंतील तक्तपोशी आधीं कुजते, याचें कारण हेंच कीं आंत पावसाचें पाणी सांचतें. बाहेरील तळाचा शत्रू निराळा. तो म्हणजे खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा किडा. त्याचा विचार या लेखांत केलेला नाहीं.

पाणी सांचतें कां, हें पाहण्यासाठीं आम्हीं जुने तक्ते उचलले, तेव्हां उत्तर समोरच होतें. वांकांच्या बुडाशीं पाणी एका खणांतून दुसऱ्यांत वाहावें म्हणून ठेवलेलीं भोंकें शेणखत व चिखल यांनीं बुजून गेलीं होतीं. होडींतून खत वाहणाऱ्या प्रत्येकाच्या होडींत असेंच असावें. भोंकें मोकळीं न करितां सागाची फळी घातली तरी ती रडतच राहणार.

नवीन फळी घेण्यापूर्वीं वांक तपासावे. सुताराचा टोंचा दाबून पाहावा. चांगल्या लांकडांत तो अडतो, कुजक्यांत लोण्यांत जावा तसा जातो. हातोडीच्या दांड्यानें ठोकल्यास निरोगी लांकूड खणखणतें व कुजकें बद्द वाजतें. कूज दिसते तिच्यापेक्षां आंत लांबवर गेलेली असते, म्हणून दिसणाऱ्या डागाच्या पुढें निदान हातभर कापून टाकावें. येथें काटकसर करूं नये. आमच्या सुतारानें वीतभर कापून थांबूं म्हटलें होतें. आम्हीं हट्ट धरला, व पुढच्याच वीतभरांत टोंचा पुन्हां आंत गेला.

आतां लांकूड. साग सर्वांत उत्तम यांत वाद नाहीं. त्याच्या अंगच्या तेलामुळें तो कुजत नाहीं आणि आकसणें-फुगणेंही कमी. परंतु ही कीर्ति सागाच्या गाभ्याची आहे. सालीलगतचा पांढरा भाग कोणत्याही झाडाचा असो, तो सागाचा असला तरी दोन पावसाळ्यांत जातो. कोंवळ्या झाडाच्या स्वस्त सागांत हा पांढरा भागच पुष्कळ असतो. त्यापेक्षां फणसाच्या जुन्या झाडाचा पिवळा गाभा आम्ही अधिक पसंत करूं. ऐन व किंजळ मजबूत खरे, पण जड आहेत, आणि उन्हांत चिरतात. आंबा स्वस्त व सहज मिळणारा; पण ओलींत तो लवकर कुजतो, आणि आमच्या मतें त्याची जागा भाताच्या खोक्यांत आहे, होडीच्या तळांत नव्हे.

वजनाचाही हिशेब करावा. बारा फूट लांब, चार फूट रुंद व एक इंच जाड तक्तपोशीला चार घनफूट लांकूड लागतें. वाळलेल्या सागाचें तें सुमारें ७५ किलो भरतें, ऐनाचें १०० च्या आसपास. म्हणजे ऐन घातल्यास प्रत्येक खेपेस अर्धें पोतें भात कमी न्यावें लागेल.

घरचेंच झाड तोडावयाचें असल्यास एक गोष्ट जुन्या संवयीनें सांगतों. साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ हे सर्व वृक्ष १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचींत आहेत. झाड स्वतःच्या बांधावरचें असलें तरी आधीं परवानगीचा अर्ज करावा, मग कुऱ्हाड उचलावी. उलट क्रमानें आलेलीं माणसें आम्हीं कचेरींत पुष्कळ पाहिलीं आहेत.

प्लायवुड वाईटच असें आम्ही म्हणत नाहीं. भारतीय मानक ७१० चें सागरी प्लायवुड निराळें. त्याचा डिंक उकळत्या पाण्यांत ७२ तास ठेवून पारखलेला असतो. मानकाचा शिक्का पावतीवर नव्हे, तक्त्यावर पाहावा. तरीसुद्धां त्याच्या कापलेल्या कडा व खिळ्यांचीं भोंकें इपॉक्सीनें बंद न केल्यास पाणी तेथूनच शिरतें. आणि एवढा मोठा अखंड तक्ता ठोकला कीं त्याच्याखालीं काय चाललें आहे तें दिसत नाहीं, ही आमची मुख्य तक्रार आहे. अॅल्युमिनियमचा पत्रा हलका असतो व कुजत नाहीं. मात्र होडींत तांब्याचे खिळे असतील तर खाऱ्या पाण्यांत दोन्ही धातु एकत्र येतांच पत्रा खाल्ला जातो. शिवाय भिजलेल्या पत्र्यावर अनवाणी पाय घसरतो.

साधा लोखंडी खिळा कधींही वापरूं नये. गंज त्याच्याभोंवतींचें लांकूडही काळें व ठिसूळ करतो. पोटॅशचें खत वाहणाऱ्या होडींत तर हें अधिकच लवकर होतें, कारण तें खतही एक प्रकारचें मीठच आहे. तांब्याचे, नाहींतर ३१६ जातीच्या बिनगंजी पोलादाचे स्क्रू घ्यावे.

लांकूड टिकविण्याचीं औषधें बाजारांत आहेत. त्यांपैकीं ज्यांत सोमल असतो अशा औषधानें मुरविलेलें लांकूड, ज्या होडींत बीं व खाण्याचें धान्य ठेवावयाचें तिच्यांत घालूं नये. टांकणखाराचें औषध पाण्यानें धुऊन जातें. काजूच्या टरफलांचें तेल चांगलें, पण पूर्ण वाळेपर्यंत अंगाला लागल्यास फोड येतात. कोणतेंही तेल अथवा रंग द्यावयाचा तो वाळलेल्या लांकडालाच, आणि फळी बसविण्यापूर्वीं सहाही बाजूंना. ओल्या लांकडावर दिलेला रंग ओल आंत कोंडतो. आम्हीं पूर्वीं जुन्या फळ्यांवर डांबर फासून हेंच केलें होतें.

शेवटीं आम्हीं फणसाच्या गाभ्याच्या पांच इंच रुंदीच्या फळ्या घेतल्या. रुंद फळी वांकडी होते. सावलींत, मध्यें काठ्या घालून, त्या वर्षभर वाळविल्या; तोंपर्यंत शेजाऱ्यांची होडी भाड्यानें घ्यावी लागली. दोन फळ्यांमध्यें बोटभर फट ठेविली व खालीं आडव्या पट्ट्या मारून चार-चार फळ्यांचे सुटे भाग केले, ते कशालाही ठोकलेले नाहींत. खताची खेप झाली कीं भाग उचलावयाचे, वांकांचीं भोंकें काडीनें मोकळीं करावयाचीं, आणि भाग कांठावर उभे करून वाळवावयाचे. बंधूंना ही रोजची यातायात वाटते, आणि एक भाग तरी ठोकून टाकूं असा त्यांचा आग्रह आहे. गडी मात्र आतां बरा होऊन परत येऊं लागला आहे, व होडींत पाय ठेवण्यापूर्वीं प्रत्येक भाग स्वतः उचलून पाहतो.