इजा मांडीला, तपासणी कंबरेची!

प्रश्न : आमचा मुलगा १६ वर्षांचा आहे. शाळेत कबड्डी खेळायचा, आता रग्बीच्या मागे लागलाय. जूनमध्ये कंबरेत उसण भरली होती, ती पंधरा दिवसांत बरी झाली. आता धावताना मांडीचा मागचा स्नायू दुखावला, तर फिजिओ म्हणतात, कंबरेची सोनोग्राफी करू. मांडीचा आणि कंबरेचा संबंध काय?
— एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : तुम्ही झरकन उरकलेल्या ‘पंधरा दिवसांत बरी झाली’ या वाक्यातच तो संबंध असू शकतो. दुखायचं थांबलं, एवढंच आपल्याला कळतं.

मणक्यांना अगदी चिकटून, दोन्ही बाजूंना मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू असतो. त्याच्या जुड्या आखूड; एकेक जुडी जेमतेम दोन ते चार मणके ओलांडते. हळदीच्या मांडवाला लांब ताण देतात ते वेगळे आणि बांबूच्या प्रत्येक जोडावर सुंभाची गाठ मारतात ती वेगळी. आरशात दिसणारे पिळदार स्नायू म्हणजे ताण, मल्टिफिडस म्हणजे गाठी. टॅकल करताना पोरगं वाकतं, वळतं आणि त्याच क्षणी समोरच्याचा धक्का झेलतं. कबड्डीत पकड करतानाही तेच. तेव्हा या गाठींची परीक्षा असते.

ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपी संशोधक जुली हाइड्स यांनी १९९६ साली, पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांचं दुखणं चार आठवड्यांत गेलं, पण ज्यांनी खास व्यायाम केले नाहीत त्यांचा मल्टिफिडस दहा आठवड्यांनीही पूर्ववत झाला नव्हता. वर्षभरात त्यांच्यातल्या ८४ टक्के लोकांची कंबर पुन्हा दुखली. व्यायाम करणाऱ्यांत ३० टक्के. ३९ माणसं एका एसटीत बसून जातील, तेव्हा टक्केवारी जपून वाचावी. पण हाइड्स यांच्याच गटाला पुढे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंत लहान मल्टिफिडस आणि पायाच्या इजा यांचा संबंध दिसला. मांडीचा मागचा स्नायू ओटीपोटाच्या हाडावरूनच निघतो. मल्टिफिडस दुबळा पडून ते हाड डळमळलं की ताण मांडीच्या स्नायूवर येत असावा.

म्हणून सोनोग्राफीत मल्टिफिडस लहान दिसला तर इजा होणारच, असं नाही. ती कुंडली नव्हे. शिवाय ते खेळाडू पूर्ण वाढलेले होते. तुमचा मुलगा अजून उंच होतोय.

रग्बीलाच दोष देऊ नका. २०१३ साली स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून एकमेकांना भिडतात आणि ढकलतात त्याची, पद्धत ‘क्राउच, बाइंड, सेट’ अशी बदलली, ती पहिल्या धडकेचा जोर कमी करायलाच. १९ वर्षांखालच्या सामन्यांत तर स्क्रम दीड मीटरपलीकडे ढकलता येत नाही.

मल्टिफिडससाठी जोर-बैठकांनी भागेल का, हे तुमच्या पुढच्या पत्रात येईलच. नाही भागणार; त्यात मोठे स्नायूच काम उरकून टाकतात. सुरुवात कंटाळवाणी असते : श्वास न रोखता मणक्यालगतचा स्नायू हलकेच फुगवायचा, मग हात-गुडघ्यांवर येऊन एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय उचलायचा.

मात्र मागे वाकताना कंबर दुखत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. या वयात खालच्या मणक्याला बारीक चीर जाऊ शकते आणि ती या सोनोग्राफीत दिसत नाही. आणि जूनमधली उसण डावीकडची होती की उजवीकडची, ते मुलाला विचारून फिजिओंना सांगा. स्नायू झिजतो तो बहुधा त्याच बाजूचा.